म्हैसासुराचे पाय

माझी साखर काठावर आल्याचं मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी शाळेच्या ओसरीतलं एक बाक लाथ मारून उलटं केलं. बाकावर कोणी बसलेलं नव्हतं, हे नशीब. मोखाड्याच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात आरोग्य तपासणीचं शिबिर आलं होतं आणि बायकोने मला उपाशीपोटी ओढत तिथे नेलं होतं. तपासणीची गरज खरं तर तिला आहे, असं माझं ठाम मत होतं. ती अंगाने जाड, दिवसभर शिलाई मशीनवर बसून गावभरचे ब्लाउज शिवणारी, पाणंदीचा चढ चढताना दोनदा थांबणारी. मी तिच्याहून मोठा, साठी ओलांडलेला, पण पोट आत आणि पोटऱ्या टणक. शिरपामाळाचं टेकाड बघायला येणारी शहरातली पोरं ज्या चढावर धापा टाकतात, तो मी वाटेत विडी ओढत बसलेल्यांना शिव्या देत देत चढतो.

डॉक्टर तरुण होता. रक्त घेऊन त्याने आम्हाला बसवून ठेवलं आणि मग बोलावलं.

"बाईंची साखर एकदम छान आहे," तो म्हणाला. "सर, तुमची मात्र काठावर आहे."

"कुठल्या काठावर?"

"मधुमेह झालेला नाही अजून. पण दारात उभा आहे म्हणा."

बायको हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसली. मशीनवर बसणारीची साखर छान आणि डोंगर तुडवणाऱ्याची काठावर! मग ते बाक उलटं झालं.

मी आश्रमशाळेत खेळाचा मास्तर होतो. सगळी नोकरी मैदानावर गेली. पोरांना पहाटे उठवून दाभोशाच्या धबधब्याच्या बाजूला पळत न्यायचं, परत आणायचं, आणि जो मागे राहील त्याच्या पोटरीवर छडी. छडी निर्गुडीची, ओली असताना सोलून तेल पाजलेली. मारताना मी एकच सांगायचो, "आवाज नको." जो ओरडला नाही त्याला दुसरी बसायची नाही. त्यातली पुष्कळ पोरं आता कुठेकुठे कारकून, शिक्षक झाली आहेत आणि जव्हारच्या बाजारात भेटली की पाया पडतात. पाया पडताना पोटरी मात्र मागे घेतात.

असा माणूस मी, आणि हा कालचा पोरगा मला साखर शिकवत होता. "वडिलांना होती का साखर?" त्याने विचारलं.

"आमच्या वडिलांच्या वेळी साखर दुकानातसुद्धा दिसत नव्हती. अंगात कुठून येणार?"

ओसरीतली सगळी माणसं हसली. डॉक्टरही हसला, पण त्याने सोडलं नाही. म्हणाला, तुमच्या मेहनतीने तुम्हाला पुष्कळ सांभाळलंय, ती सोडू नका. पण मेहनत सगळ्यावर पांघरूण घालत नाही. वय असतं, घराण्यातून आलेलं असतं, ताटात किती भात आणि कपात किती साखर तेही असतं. काही महिन्यांनी परत तपासू, तोवर गोड बंद आणि भात अर्धा.

"भात अर्धा केला तर कोयता तुझा बाप चालवेल का?" मी विचारलं आणि निघालो. बाक कोणीतरी माझ्यामागे सरळ करून ठेवलं.

कोयत्याचं मी खोटं बोललो नव्हतो. निवृत्त झाल्यापासून घरची शेती मीच करतो. आमच्याकडे भाताची रोपं टाकायची जागा उन्हाळ्यात आधी भाजून घ्यायची असते, त्याला राब म्हणतात. त्यासाठी ऐनाच्या झाडावर चढून टहाळ तोडायचा. झाडाच्या टोकापर्यंत जायचं, एका हाताने खोड धरायचं आणि दुसऱ्या हाताने फांद्यांची कत्तल करायची. चीक अंगावर वाळतो, मुंगळे मानेला डसतात, खाली फांदी कडाडून पडते तेव्हा सगळं झाड हादरतं. मला ते आवडतं. झाडाला मारताना जो आनंद होतो तो मी कुणाला सांगत नाही, पण होतो. खाली उतरलो की हातपाय सोलवटलेले असायचे आणि मी पोटात आग पडल्यासारखा जेवायचो. भाताचा डोंगर, वर आमटी, मग गुळाचा खडा, मग चहा. चहात चमचा उभा राहील इतकी साखर.

हा माझा हक्क होता. मी कष्ट करतो, म्हणून मी खातो. बसणाऱ्याने मोजून खावं. एवढा टहाळ तोडल्यावर एक लाडू खाल्ला तर तो लाडू अंगात पोचायच्या आधीच जळतो, असं मी बायकोला समजावून सांगायचो. ती ऐकून घ्यायची आणि साखरेचा डबा लपवायची. कधी मशीनच्या खणात, कधी तांदळात. मी शोधून काढायचो. एकदा तर मी तिच्या चिंध्यांचं गाठोडं अंगणात फेकलं, तिने माझी पाण्याची कळशी विहिरीकडच्या उतारावर सोडून दिली, आणि कळशी गडगडत जाताना आम्ही दोघं एकमेकांना वाटेल ते बोललो. शेजारणी कुडाला कान लावून उभ्या होत्या. शेवटी तिने डबा माझ्यासमोर आपटला. झाकण उडालं, साखर सारवलेल्या जमिनीवर पसरली.

"खा," ती म्हणाली. "जमिनीवरची चाटा. तुमच्या बापाचा पाय आठवा आणि चाटा."

मी तिच्यावर हात उगारला. उगारलेला हात तसाच राहिला, कारण ती मागे सरली नाही. मग मी तो हात भिंतीवर मारला. भिंत कुडाची होती, हात आरपार गेला. ते भोक आजही तिथे आहे, ती लिंपू देत नाही.

बापाचं तिने काढायला नको होतं. आमच्या बापाच्या पायाला नांगराचा फाळ लागला होता, साधी जखम. ती भरलीच नाही. अंगठा काळा पडला, मग पाऊल. गावाने कुणी करणी म्हटलं, कुणी जनावर चावलं म्हटलं. बाप शेवटपर्यंत म्हणायचा, मला दुखत नाय, उगाच रडू नका. तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, काय मर्द गडी, पाय कुजला तरी हूं की चूं केलं नाही. मीही तेच म्हणायचो. त्याच अभिमानावर मी मोठा झालो.

परत तपासायला मी गेलो नाही. महिने गेले, वर्षं गेली. शिबिराची गाडी गावात आली की मी रानात जायचो. गोड थोडं कमी केलं, तेही बायकोसमोर. जव्हारला गेलो की माझ्या वयाचा एक बेकरीवाला मित्र आहे, मुसलमान, शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो मला बघितलं की नानकटाई पुढे करायचा आणि म्हणायचा, "मास्तर, तुम तो घोडा आदमी. तुमको क्या होता?" मी घोडा असल्यासारखा खायचो.

मग पायांना मुंग्या यायला लागल्या. संध्याकाळी घरी येऊन बसलो की दोन्ही तळव्यांत आग व्हायची, टाचण्या टोचल्यासारखं व्हायचं. बायकोला सांगितलं असतं तर ती मला जीपमध्ये कोंबून जव्हारच्या दवाखान्यात घेऊन गेली असती. म्हणून मी माझा उपाय केला. निवृत्तीच्या दिवशी शाळेतून आणलेली ती निर्गुडीची छडी आढ्याला खोचलेली होती. ती काढली, मागच्या अंगणात गेलो, दगडावर पाय टेकवला आणि स्वतःच्या तळव्यांवर ओढायला सुरुवात केली. सपासप. आयुष्यभर जे दुसऱ्यांच्या पायांवर केलं तेच. पहिल्या दिवशी डोळ्यात पाणी आलं आणि मी स्वतःला म्हणालो, आवाज नको.

रोज मारायचो. मारलं की थोडा वेळ मुंग्या थांबायच्या, मग परत यायच्या, मग मी आणखी जोरात मारायचो. बायको मशीनवरून ओरडायची, "काय मारताय, विंचू का?" मी म्हणायचो, "हो, विंचू." असं कित्येक दिवस चाललं. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मुंग्या बंद झाल्यात. आग नाही, टोचणं नाही. तळवे शांत. छडीने वळलं नाही असं पोर मी पाहिलेलं नव्हतं, तसे माझे पायही वळले. मी छडीला परत तेल लावलं आणि आढ्याला खोचली. इतका आनंद मला निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता.

त्या उन्हाळ्यात आम्ही राब भाजला तेव्हा माझा धाकटा भाऊ मदतीला होता. तो माझ्याहून बराच लहान, तालुक्याला कारकून, तोंडाने मऊ. टहाळ, शेण, पालापाचोळा सगळं पेटून लाल झालं होतं, वारा फिरला आणि आग बांधाकडे सरकायला लागली. भाऊ माती टाकायला वळसा घालून पळाला. मी सरळ निखाऱ्यांतून गेलो. अनवाणी. पलीकडे जाऊन आग झोडपून काढली आणि वळून बघतो तर भाऊ तोंड उघडं टाकून उभा.

"दादा, भाजलं नाय?"

"कातडं लागतं त्याला," मी म्हणालो. "खुर्चीवर बसून येत नाही."

घरी गेल्यावर तळव्यांवर फोड होते, फुटलेले, त्यात राख बसलेली. बायकोने ते पाहिले आणि तिने हातातली कात्री भिंतीवर फेकून मारली. "माणूस हाय का लाकूड?" ती किंचाळली. "अहो, हे दुखत कसं नाही तुम्हाला?" तिच्या त्या प्रश्नात भीती होती, मला त्यात कौतुक ऐकू आलं. गावात ही गोष्ट पसरली आणि मी ती पसरू दिली. पारावर बसलेली म्हातारी माणसं म्हणायची, बापाच्या वळणावर गेलाय.

आणि मग बोहाडा आला. आमच्या भागात उन्हाळ्यात देवादिकांची सोंगं नाचवतात. लाकडाचे मोठे मुखवटे, पुढे संबळ आणि सनई, गावाच्या रस्त्यावर पुढे-मागे नाच. प्रत्येक सोंगाचा मान ठरलेल्या घराचा. शेवटच्या सकाळी, चांगलं ऊन वर आलं की देवीची आणि म्हैसासुराची लढाई होते आणि तिथे बोहाडा संपतो. म्हैसासुर आमच्या घरचा आहे. बाप होता, बापानंतर मी. देवीचं सोंग ज्या घराचं, तिथे नाचणारं कोणी उरलं नाही, म्हणून गेली काही वर्षं ते माझा धाकटा भाऊच घेतो. दोघांच्या हातात खऱ्या तलवारी, धार गेलेल्या, पण लोखंडाच्या. सोंग घेणाऱ्याने आठवडाभर पाळायचं असतं. जमिनीवर झोपायचं, वशाट, म्हणजे मटण-मासळी, खायचं नाही, पायात काही घालायचं नाही. आणि रस्त्यावर चढवलेला मुखवटा लढाई संपेपर्यंत उतरवायचा नाही. आमच्या गावात तो कुणी कधी उतरवला नव्हता.

बोहाड्याला थोडे दिवस राहिले असताना भाऊ अंगणात येऊन उभा राहिला. मी कोयता परजत होतो. बायको दारात होती आणि तिच्या उभं राहण्यावरून मला कळलं की हे दोघं मिळून आलेत.

"दादा," तो म्हणाला, "आधी साखर बघून येऊ. मी येतो बरोबर. मंग सोंग घे."

"आणि नाही बघितली तर?"

"तर यंदा सोंग मी दुसऱ्याला देतो. नायतर चपला घालून नाच. देवी काय रागावणार नाय."

चपला घालून म्हैसासुर! मी कोयता टाकला, उठलो आणि त्याची गळपट्टी धरली. मी त्याला लहानपणापासून मारत आलोय, तो कधी उलटला नव्हता. त्या दिवशी उलटला. त्याने माझ्या छातीवर दोन्ही हातांनी असा धक्का दिला की मी पाण्याच्या पिंपावर आपटलो. मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्याने माझा दंड पिरगाळला. आम्ही दोघं सारवलेल्या अंगणात लोळलो, त्याचा सदरा फाटला, माझ्या ओठातून रक्त आलं, कोंबड्या फडफडत कुडावर गेल्या. तो रडत होता आणि मारत होता. "बापासारखा मरशील!" असं तो माझ्या तोंडावर ओरडत होता. बायकोने बादलीभर पाणी आमच्या अंगावर ओतलं, कुत्र्यांवर ओततात तसं, तेव्हा आम्ही सुटलो.

"सोंग माझं आहे," मी म्हणालो. "उतरवून दाखव."

तो ओला, फाटका तसाच निघून गेला. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बोहाड्याचा आठवडा सुरू झाला, मी जमिनीवर झोपलो, अनवाणी फिरलो. बायको ताट ठेवायची आणि आत जायची. मशीनचा आवाज तेवढा यायचा, उगाच, कापड नसतानासुद्धा.

लढाईच्या सकाळी सगळा गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा होता. डोंगरापलीकडच्या वांगणीकडून माणसं आली होती, ठाण्या-मुंबईला कामाला गेलेले परतले होते. रस्ता तापला होता. मला मुखवटा चढवला, फडक्याने मागून आवळून बांधला. म्हैसासुराच्या मुखवट्याला बघायला फक्त तोंडातली फट असते. मान वर केली तर समोरच्याची कंबर दिसते, नाहीतर जमीन. आत घाम, लाकडाचा वास आणि स्वतःचाच श्वास. संबळ कडाडला आणि मी सुटलो.

आम्ही खरं खरं लढलो. लोकांना ते लगेच कळलं असावं, कारण आरडाओरडा एकदम वाढला. एरवी तलवारी ठेक्यावर एकमेकींना लावायच्या असतात. त्या दिवशी भावाने पहिलाच घाव माझ्या तलवारीवर असा घातला की कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मीही सोडलं नाही. लोखंडावर लोखंड आपटत होतं, मी त्याला रेटत पारापर्यंत नेत होतो, तो मला रेटत देवळापर्यंत आणत होता. मुखवट्याच्या आत मी त्याला शिव्या देत होतो. तिकडे तोही देत असणार. माझं पातं एकदा घसरलं आणि त्याच्या लुगड्याला, मांडीजवळ कुठेतरी लागलं. मी पाहिलं नाही, फक्त हाताला जाणवलं. मी आणखी पुढे घुसलो.

मग आम्ही फिरलो आणि मला जमीन दिसली. रस्त्यावरच्या पांढऱ्या धुळीत लाल पावलं उमटलेली होती. पूर्ण पाऊल नाही, टाच आणि चवडा, टाच आणि चवडा, पारापासून देवळापर्यंत आणि परत. ओली होती. लोक ओरडत होते तो जोश नव्हता, हे मला तेव्हा कळलं. बायका किंचाळत होत्या.

मला माझं पातं घसरलेलं आठवलं. मांडीची शीर तुटली की माणूस किती वेळ उभा राहतो, हे मला माहीत होतं. खेळाच्या मास्तरला प्रथमोपचार येतात. माझ्या हातून तलवार गळून पडली. लहानपणी मी त्याला खांद्यावर बसवून ओढा ओलांडायचो, तो माझे केस धरायचा, ते केस धरणं मला डोक्यावर जाणवलं. मी दोन्ही हातांनी मुखवटा उपसला. फडकं कानाला काचत वर गेलं. संबळ थांबला. गावच्या रस्त्यावर म्हैसासुराने स्वतःचं तोंड काढून हातात घेतलं होतं.

"बसवा त्याला!" मी ओरडलो. "खाली बसवा, मांडी आवळा, रक्त जातंय त्याचं!"

देवी समोर उभी होती. लुगडं फाटलं होतं, मांडीवर ओरखडा होता, रक्ताचा थेंब नव्हता. तिने मान खाली करून माझ्या पायांकडे पाहिलं. मग भावानेही मुखवटा काढला. त्याचं तोंड घामाने आणि रडण्याने भिजलेलं होतं.

"दादा," तो हळू म्हणाला, "ते तुझं हाय."

मी खाली पाहिलं. मी उभा होतो तिथे धूळ काळी झाली होती. भाऊ गुडघ्यांवर बसला, त्याने माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, लुगड्यावर. टाचेत बाटलीची काच रुतली होती, हिरवी, जाड, बुडाकडची. रस्ताभर मी तिच्यावर नाचलो होतो. प्रत्येक उडीला ती आत गेली होती. भावाने ती दोन बोटांनी धरली आणि माझ्याकडे बघत ओढली. काच मांसातून निघाल्याचा आवाज मला ऐकू आला. आवाजच फक्त.

"दुखलं?" त्याने विचारलं.

मी त्याच्या बोटांतली काच बघत राहिलो.

"खोटं सांग पाहिजे तर. पण एकदा ओरड, दादा."

जीपमध्ये बायको माझा पाय धरून बसली होती. आपलं पातळ फाडून तिने पट्ट्या बांधल्या होत्या आणि वळणावळणावर ती मला शिव्या देत होती, भावाला शिव्या देत होती, जीपवाल्याला देत होती. भाऊ अजून लुगड्यातच होता. मुखवटे पुढच्या सीटवर शेजारी शेजारी ठेवले होते. मला बापाची आठवण येत होती. दुखत नाय, उगाच रडू नका. तो खरं सांगत होता आणि आम्ही सगळ्यांनी त्याला शूर म्हणून जाळला, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

जव्हारच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी जखम धुतली, टाके घातले, रक्त तपासलं. साखर काठ ओलांडून कधीच पुढे गेली होती. मी त्यांना मुंग्यांचं सांगितलं, छडीचंही सांगितलं. बायकोला ते पहिल्यांदाच कळत होतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीकडे बघत बोललो. मुंग्या कशा बंद झाल्या तेही सांगितलं.

"छडीने नाही थांबल्या त्या," बाई म्हणाल्या. "नसा मेल्या म्हणून थांबल्या. काठावर असतानाही कधी कधी सुरू होतं हे. त्याच वेळी यायला हवं होतं."

"पण मी रोज एवढं..." मी म्हणालो. रोज एवढं काय, ते मला पुढे सांगता येईना. चढतो, तोडतो, भाजतो, नाचतो.

"म्हणून तर इतकी वर्षं निभावलंत. नाहीतर आधीच पडला असतात." त्या रागावल्या नव्हत्या, हेच मला सोसेना. "आता कुठपर्यंत गेलंय ते बघू. त्यावर ठरेल पाय कसा राहतो ते. डोळे मिटा. टोचलं की सांगा."

मी डोळे मिटले. टेबलावर पाय पसरून पडलो. एका बाजूला बायकोचा श्वास ऐकू येत होता, दुसऱ्या बाजूला भावाच्या हातातल्या बांगड्या. मी वाट बघत राहिलो. पंखा फिरत होता, बाहेर कुणी नंबर पुकारत होतं. बाई काहीच करत नव्हत्या. माझं डोकं तापायला लागलं. दवाखान्यात माणसाला ताटकळत ठेवायची यांना सवयच असते.

"अहो, टोचा की!" मी ओरडलो. "सुरू तरी करा!"

मग बायकोच्या तोंडून एक आवाज आला, तोंडात पदर कोंबल्यासारखा. मी डोळे उघडले. बाईंच्या हातात सुई होती आणि माझ्या दोन्ही पावलांवर, तळव्यांवर, बोटांवर बारीक लाल ठिपके उमटलेले होते.

"मिटा परत," बाई म्हणाल्या. "अजून वर बघायचंय."

मी मिटले. या वेळी मला भीती वाटली. आयुष्यात मी कुणाला भ्यालो नव्हतो, पण तेव्हा भ्यालो, कारण पुन्हा काहीच होत नव्हतं आणि काहीच न होणं म्हणजे काय ते आता मला माहीत होतं. घोटा कुठे आहे, नडगी कुठे सुरू होते, मी मनातल्या मनात चाचपत होतो. बापाचं काळं पाऊल डोळ्यांसमोर होतं. दुखू दे, मी म्हणत होतो. देवीला म्हणत होतो, नाहीतर त्या सुईला. कुठेतरी दुखू दे.

घोट्याच्या वर चार बोटांवर सुई आत शिरली आणि मी गुरासारखा ओरडलो. सगळा दवाखाना वळला असेल. दुखलं, चांगलं कळ येईपर्यंत दुखलं, आणि मी मोठमोठ्याने "आई गं, आई गं" म्हणत राहिलो. मला थांबायचं नव्हतं.

बायकोने माझा हात घट्ट धरला. तिचं नाक वाहत होतं, डोळे लाल झाले होते.

"डॉक्टर," ती म्हणाली, "आणखी एकदा टोचा."